डिचोलीतली तीन वर्षांची घोडी आणि तीन चाबुकस्वार : एक प्रकरण अभ्यास

घोडी मारवाडी, कुमैत (तांबूस-तपकिरी, आयाळ-शेपूट काळी) रंगाची, उंची ५८ इंच. दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या सारंगखेड्याच्या यात्रेत घेतलेली. दोन दिवसांचा ट्रकचा प्रवास करून ती गोव्यातल्या डिचोली तालुक्यात, एका कुळागराशेजारच्या (सुपारी-नारळाच्या बागेशेजारच्या) तबेल्यात पोचली. विकणाऱ्याने वय साडेचार सांगितलं होतं आणि 'स्वारीला तयार' हेही. मालकाने याआधी घोडा पाळलेला नव्हता. देखभालीला सोलापूरकडचे एक अनुभवी मोतद्दार (घोड्याची निगा राखणारे) होते, त्यांना घरात सगळे मामा म्हणतात.

पहिला महिना बरा गेला, कारण कुणी पाठीवर बसलंच नाही. जानेवारीच्या शेवटी खोगीर चढवायला सुरुवात झाली आणि अडचणी एकामागून एक दिसू लागल्या. तंग (खोगिराचा पोटाखालून जाणारा पट्टा) आवळताना घोडी मागे वळून चावा घ्यायची. मागचे पाय उचलू देत नव्हती, त्यामुळे नालबंद दोनदा परत गेला. रिकिबीत पाय ठेवला की दोन पायांवर उभी राहायची. तिसऱ्या वेळी ती अशीच उभी राहिली तेव्हा मालक मागे पडले. हेल्मेट होतं म्हणून मनगटावर निभावलं. घरात दोन मतं पडली : एक, घोडी विकून टाकावी, दोन, चांगला चाबुकस्वार (घोडा शिकवणारा) आणून ती 'सरळ करून' घ्यावी.

निर्णय दुसरा झाला. पण चाबुकस्वार शोधण्याआधी तीन आठवडे ज्या कामात गेले, त्याच कामाने पुढची निवड सोपी केली. म्हणून त्यावर जरा थांबायला हवं.

आधी डॉक्टर

गोव्यात बहुतेक पशुवैद्यांचं रोजचं काम गाई-म्हशी आणि कुत्र्या-मांजरांचं. घोड्याच्या तोंडात हात घालून दात तपासणारा माणूस पुण्याहून बोलवावा लागला. त्याने पहिल्या पाच मिनिटांत वयाचा प्रश्न मिटवला. खालचे-वरचे मधले कायमचे दात आलेले आणि जेमतेम घासायला लागलेले, त्यांच्या शेजारचे अजून दुधाचे. मधले कायमचे दात साधारण अडीच वर्षांनी येतात, शेजारचे साडेतीनला, कोपऱ्यातले साडेचारला. म्हणजे घोडी सुमारे तीन वर्षांची होती. साडेचार वर्षांच्या जनावराकडून जी अपेक्षा ठेवली जात होती, ती मुळातच चुकीची होती. या वयात पाठीच्या मणक्यांची वाढही पूर्ण झालेली नसते, त्याला साडेपाच-सहा वर्षं लागतात.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. वरच्या जबड्यात दोन्ही बाजूंना वुल्फ टूथ म्हणतात ते छोटे दात होते, बरोबर लगामाची कडी जिथे मागे ओढली जाते तिथे. आणि खालच्या जबड्यावर, पुढचे दात संपून दाढा सुरू होण्याआधी जी मोकळी हिरडी असते, तिच्यावर जुन्या जखमांचे कडक वण. असे वण काटेरी लगामाचे असतात. घोडीला लहानपणीच असा लगाम घालून मिरवणुकीतला नाच शिकवायचा प्रयत्न झाला होता, हे इथे कळलं. १९६५ च्या ओझ्याच्या व ओढीच्या जनावरांसाठीच्या क्रूरता प्रतिबंधक नियमांनी काटे किंवा टोकं असलेल्या लगामाला मनाई केली आहे. तरी तो बाजारात उघड विकला जातो.

घोडी दोन पायांवर उभी का राहत होती, याचं उत्तर इथेच आहे. पुढे जायचा इशारा मिळतो आणि त्याच क्षणी तोंडातली कळ मागे ओढते. पुढची वाट बंद, मागची बंद, मग जनावर वरच जातं. याला हट्ट म्हणणं म्हणजे दुखणं न बघताच निदान करणं आहे.

धनुर्वाताची लस देऊन, गुंगीच्या इंजेक्शनखाली ते दोन छोटे दात काढले. तीन आठवडे तोंडात लोखंड नाही. रक्ताची स्लाईड सर्रा या रक्तातल्या परजीवीच्या रोगासाठी तपासली. आमच्याकडे पावसाळ्यानंतर घोडमाश्यांमुळे हा आजार येतो आणि सुस्त किंवा चिडक्या घोड्यात तो आधी वगळायला हवा. अहवाल स्वच्छ आला. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाचा तपासणी अहवाल खरेदीच्या कागदांतच होता. हा रोग माणसालाही होतो आणि कायद्याने तो सरकारला कळवावा लागतो, म्हणून तो कागद जपून ठेवायचा असतो. त्याचा पुढे वेगळा उपयोग झाला.

मग वजन. काटा नव्हता, फीत होती. पुढच्या पायांमागून छातीचा घेर १६० सेंमी, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी १५० सेंमी. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८० : उत्तर ३२३ किलो. स्वार आणि खोगीर मिळून जनावराच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत असावं हा सर्वसाधारण हिशेब. तो इथे ६५ किलो येतो, आणि कोवळ्या घोड्याला त्याहून कमीच बरं. मालक ७८ किलो, खोगीर ७ किलो. एकूण ८५, म्हणजे २६ टक्के. हा आकडा मालकांना आवडला नाही, पण पुढची सगळी बोलणी याच आकड्यावर झाली.

चाऱ्याची बाजूही उलटी होती. दिवसाला साडेतीन किलो हरभरा व जव, चार किलो कडबा, आणि २३ तास दहा बाय दहाच्या खोलीत उभी. रिकामं पोट, गरम दाणा, बंद जागा. अशी घोडी बाहेर काढल्यावर उधळणारच. बारा दिवसांत हळूहळू बदल केला : दाणा एक किलोवर, कोरडा चारा साडेसात किलोवर, चार वेळांत विभागून, आणि रोज ३० ग्रॅम मीठ. कडबा बेळगाव-कोल्हापूरकडून आणावा लागतो. इथला भाताचा पेंढा स्वस्त आहे, पण त्यात कस कमी; तो तोंड चाळवायला ठीक, पोट भरायला नाही. रात्री चार तास कुंपणातल्या भाटात (माडांच्या बागेत) मोकळी सोडणं सुरू झालं. एवढ्यानेच चावणं निम्म्यावर आलं, कुणी शिकवायच्या आधी.

तिघांची परीक्षा

गोव्यात एकेकाळी अरबस्तानातून जहाजांनी घोडे उतरत आणि विजयनगरला जात. आज इथे रेसकोर्स नाही, घोडदळ नाही. डिचोली-सत्तरीत घोडा म्हटला की शिगम्यातला (गोव्याच्या होळीतला) घोडेमोडणीचा नाच आठवतो, आणि ते घोडे लाकडाचे. त्यामुळे 'गावातला चांगला माणूस' विचारून सापडत नाही. जे सापडतात ते तीन वाटांनी आलेले असतात : लग्नाच्या घोड्या तयार करणारे, रेसच्या तबेल्यांत काम केलेले, आणि सैन्यातून निवृत्त झालेले. इथे तिन्ही वाटांचा एकेक माणूस बोलावला गेला.

प्रत्येकाला चाळीस मिनिटं आणि तीच तीन कामं : दोरीवर चालवून थांबवणं आणि दोन पावलं मागे घेणं, मागचा पाय उचलणं, खोगीर पाठीला लावून काढणं. तंग आवळायचा नाही, बसायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही, फक्त मोहरकी (तोंडाभोवतीची दोरीची मुसकी). बघणाऱ्यांनी काय बघायचं हे आधी ठरवून कागदावर लिहिलं होतं. सगळ्यात वरची ओळ ही : *घोडीने योग्य उत्तर दिल्यावर दोरी किती लवकर ढिली होते?* घोडा शिकतो तो ओढण्याने नाही, ओढ सुटण्याने. सुटका एका सेकंदाच्या आत झाली तर तिचा संबंध त्याने केलेल्या गोष्टीशी जुळतो. उशीर झाला तर तो काहीतरी वेगळंच शिकतो. आणि लाथ झाडत असताना पाय सोडला, तर लाथ झाडणं शिकतो.

पहिला चाबुकस्वार पिढीजात. हात अतिशय सफाईदार, भीती नावाला नाही. पंधरा मिनिटांत घोडी खांबासारखी उभी केली, मागचे दोन्ही पाय उचलून दाखवले. घरचे खूश झाले. एका महिन्यात शिगम्याच्या मिरवणुकीत चालेल असं तो म्हणाला, आणि पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला स्वतःचा लगाम काढला. काटेरीच होता. नको म्हटल्यावर त्याने वाद न घालता परत ठेवला. ती शांतता मात्र नीट बघायला हवी होती. डोळे ताठ, नाकपुड्या आकसलेल्या, शेपूट दाबलेली, मागच्या मांड्यांमध्ये घाम, आणि पुढे धरलेल्या हिरव्या गवताला तोंडही लावलं नाही. दोरी एकदाही पूर्ण ढिली झाली नव्हती. निवांत घोडा मान खाली सोडतो, फुरफुरतो, खातो. ही घोडी भीतीने थिजलेली होती, आणि थिजलेलं जनावर पुढे कधी फुटेल याचा नेम नसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मामांनाही मोहरकी घालू देईना. हा खरा निकाल. म्हणून परीक्षेच्या दुसऱ्या दिवसाची नोंद परीक्षेइतकीच महत्त्वाची.

दुसरा रेसच्या तबेल्यांत वाढलेला, आता राज्याबाहेर स्वतःचा तबेला चालवणारा. काम पद्धतशीर, आवाज खालचा, सुटका वेळेवर. ग्लँडर्सचा अहवाल त्याने फोनवरच मागितला होता. त्याच्याकडे इतरही घोडे होते, तेव्हा ते योग्यच होतं. घोडी खाऊनपिऊन निवांत राहिली. अडचण दोन ठिकाणी होती. घोडी त्याच्याकडे पाठवायची, तीस दिवसांत स्वारीला तयार करून परत, ही हमी त्याने दिली. आणि बसणार कोण, असं विचारल्यावर 'मुलं बसतात' एवढंच उत्तर मिळालं. वीस घोडे सांभाळणारा माणूस प्रत्येकाला स्वतः वेळ देऊ शकत नाही, यात त्याचा दोष नाही. पण जनावराच्या बाबतीत दिवसांची हमी म्हणजे शेवटच्या आठवड्यात घाई ठरलेली. शिवाय घोडी तिथे शिकेल, मालक आणि मामा इथे जसेच्या तसे राहतील. परत आल्यावर तीच दोरी, तेच हात. पाठीवर नवशिके नसते आणि घोडी साडेतीन-चारची असती, तर याच माणसाला निवडणं शहाणपणाचं ठरलं असतं.

तिसरे सैन्यातले निवृत्त रायडिंग इन्स्ट्रक्टर. आल्यावर पहिली वीस मिनिटं त्यांनी घोडीला हातही लावला नाही. लीद बघितली, चाऱ्याची खोली बघितली, डॉक्टरचे कागद वाचले. खोगीर मागवून रिकाम्या पाठीवर ठेवलं आणि पुढच्या कमानीखाली हात घातला. दोन बोटंही जाईनात. खोगीर मानेमागच्या उंचवट्यावर टेकत होतं. तंग आवळताना घोडी का चावते, याचं उरलेलं अर्धं उत्तर तिथे होतं. मग विचारलं, "बसणार कोण, आणि वजन किती?" उत्तर ऐकून म्हणाले, "मालक, तुम्ही या घोडीवर बसायचं नाही. बसायचंच असेल तर दुसरा घोडा बघा."

उरलेल्या वेळात फक्त दोरीचं काम केलं, तेही बारा मिनिटं. पाय उचलण्याच्या वेळी त्यांनी पाय उचललाच नाही. हातमोजा बांधलेल्या काठीने ढोपराखाली स्पर्श केला, घोडीने लाथ झाडली तरी काठी तिथेच, पाय टेकून स्थिर झाला की लगेच काठी दूर. सहाव्या वेळी लाथ आली नाही. तिथेच थांबले. खोगिराचं काम आज नको म्हणाले. घरच्यांना ही परीक्षा अपुरी वाटली : माणूस चाळीस मिनिटांत तीनपैकी दीड काम करून गेला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी घोडीने मोहरकीत स्वतःहून तोंड घातलं.

तिघांनाही एक समान प्रश्न विचारला होता : तुम्ही आजवर कोणता घोडा परत पाठवलात आणि का? पहिल्याने सांगितलं, एकही नाही. दुसऱ्याने विषय बदलला. तिसऱ्यांनी दोन घोड्यांची सविस्तर हकिकत सांगितली, त्यातल्या एका घोड्यात स्वतःची घाई नडली होती. या प्रश्नाचं उत्तर 'एकही नाही' येतं, तेव्हा माणूस एकतर फार नवा असतो किंवा पूर्ण सांगत नसतो.

तबेल्यालाही न कळवता भेट द्यावी. तिथल्या घोड्यांच्या ओठांचे कोपरे फाटलेले आहेत का, नाकाच्या हाडावर किंवा तंगाच्या जागी पांढरे केस उगवलेत का (ते जुन्या जखमेचे असतात), माणूस आत शिरला की घोडे पुढे येतात की कोपऱ्यात जातात. यासाठी दहा मिनिटं पुरतात.

करार

तिसरे इन्स्ट्रक्टर महिन्याच्या हिशेबाने सगळ्यांत महाग होते. तरी ठरलं. दोन पानी मराठी करार झाला. त्यातली कामाची कलमं अशी : पहिले चौदा दिवस चाचणीचे, दोन्ही बाजूंना थांबण्याची मुभा. आठवड्याला सहा दिवस, सकाळी सव्वासहाला, वीस ते तीस मिनिटं. गोव्याच्या दमट हवेत आठनंतर घोड्याचा घाम वाळत नाही, अंग तापतं. त्यांपैकी तीन दिवस मामा आणि मालक हजर. वापरायची साधनं नावानिशी, काटेरी लगाम आणि पाय बांधून पाडणं यांना स्पष्ट मनाई. स्वार ५१ किलोचा त्यांचा शिष्य, खोगिरासकट ५८, म्हणजे १८ टक्के. इन्स्ट्रक्टर स्वतः ६८ किलोचे, म्हणून तेही बसणार नव्हते. आजारपणात ते न विचारता डॉक्टर बोलावू शकतील. पैसे अर्धे सुरुवातीला, पाव मध्यावर, पाव शेवटी, आणि शेवटचा हप्ता 'घोडी तयार' यावर नाही तर *मामा व स्वार यांनी इन्स्ट्रक्टर नसताना ठरलेली सात कामं करून दाखवणे* यावर.

शेवटचं कलम त्यांनीच घातलं. आमच्या मते या कराराचा जीव तेच आहे.

दहा आठवडे

काम शिगमा उरकल्यावर सुरू झालं. आधी केलं असतं तर ढोल-ताशांच्या आठवड्यात केलेलं वाया गेलं असतं. पहिले दोन आठवडे दोरी, थांबणं, मागे येणं, मागचा भाग बाजूला सरकवणं. पाय आधी दोन सेकंद, मग पाच, शेवटी चाळीस. अकराव्या दिवशी नालबंदाने मागचे खूर तासले. नाल ठोकले नाहीत, गरज नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात खोगिराऐवजी रुंद पट्टा. एक भोक आवळायचं, दहा पावलं चालवायचं, पुन्हा एक भोक. तंग एका दमात आवळणं ही तिची जुनी जखम होती, म्हणून हा क्रम कधीच मोडायचा नव्हता. चौथ्यात रुंद कमानीचं दुसरं खोगीर, आधी रिकिबीशिवाय, मग रिकिबी लोंबत्या ठेवून. शेजारच्या पोरांना ढोल घेऊन साठ मीटरवर बसवलं. घोडी चारा खात असेल तोवर वाजवायचं, खाणं थांबलं की ढोल थांबवून मागे सरकायचं. पाचव्यात पहिल्यांदा तोंडात लगाम : जाड, गुळगुळीत, मध्ये दोन सांधे असलेला, १२ सेंमी रुंदीचा. नाकपट्टीखाली दोन बोटं सहज जातील एवढी ढिली. लांब लगामांनी मागून चालवणं.

सहाव्या आठवड्यात घसरण झाली. इन्स्ट्रक्टर दोन दिवस गावाला गेले. घरी पाहुणे आले, फोटोसाठी खोगीर चढवा म्हणाले. मामांनी घाईत तंग एकदम आवळला. घोडी दोन पायांवर उभी राहिली, चिऱ्याच्या खांबावर आदळली, मागच्या पायाचं ढोपर सोललं. मामा लगेच म्हणाले, "घोडी पुन्हा बिघडली." परत आल्यावर इन्स्ट्रक्टरनी आवाज चढवला नाही. मामांकडून तेच सगळं हळू, पायरी-पायरीने करून घेतलं आणि कुठल्या क्षणी घोडीने कान मागे टाकले, ते त्यांनाच शोधायला लावलं. घोडीला तीन दिवस पुन्हा पट्ट्यावर नेलं. आणि त्या दिवसापासून तंग आवळायचं काम फक्त मामांचं, दुसऱ्या कुणाचंच नाही. चूक करणाऱ्या माणसाला तेच काम सोपवणारा ट्रेनर विरळा. यानंतर तंगावरून घोडीने एकदाही दात दाखवला नाही, कारण आता दर वेळी तेच हात तोच क्रम पाळत होते.

सातव्यात चिऱ्याच्या ओट्यावरून पोटावर आडवं पडणं, उतरणं. आठव्यात शिष्य बसला, मामा दोरी धरून, दहा मिनिटं नुसती चाल, आठवड्यातून तीनच दिवस. दहाव्याच्या शेवटी दोरीशिवाय चाल, थांबणं, दोन्ही बाजूंना वळणं आणि दोनदा वीसेक पावलांची दुडकी. स्वार बसल्यापासून दोन पायांवर उभं राहणं एकदाही नाही.

सात कामांची परीक्षा जूनच्या पहिल्या आठवड्यात, पावसाच्या दोन दिवस आधी झाली. सहा कामं जमली. ट्रकच्या फळीवर चढणं जमलं नाही. घोडी फळीपाशी थांबली, पुढचा एक पाय ठेवला आणि तिथेच राहिली. इन्स्ट्रक्टरनी शेवटच्या हप्त्यातला सातवा भाग घेतला नाही आणि ते काम ऑक्टोबरवर टाकलं.

पावसाळ्यात घोडीला स्वारीपासून सुट्टी आहे. या वयात ती मिळायलाच हवी. मामांच्या भिंतीवर आता एक यादी आहे : रोज खूर कोरून भेगेतला चिखल काढायचा, बेडकी (खुराच्या तळव्याचा मऊ भाग) सडते का वास घ्यायचा, पाठीवर ओल राहिल्याने खपल्या धरतात का बघायचं, आठवड्यातून दोनदा पट्टा, दोनदा पाय. ऑक्टोबरमध्ये ती चार वर्षांची होण्याच्या बेतात असेल. वजन ३७० किलोच्या आसपास गेलं, तर मालकांच्या ५२ किलोच्या मुलीचं खोगिरासकट वजन १६ टक्के भरेल. पहिला धडा त्या मुलीलाच आहे, ट्रकची फळी चढवण्यापासून.